पेटी हाती, लिपी अनोळखी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून एक गोष्ट बहुधा आढळते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांचे एक बासन असते. पणजोबांच्या हातची पत्रे, एखादे इनामाचे खत, जमाखर्चाच्या वह्या. हे कागद आपले आहेत हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु ते वाचता कोणालाच येत नाहीत, कारण ते मोडीत आहेत. शाई शाबूत, कागदही बऱ्यापैकी शाबूत. हरवली आहे ती केवळ लिपीची ओळख. कित्येक घरांतून ‘काय लिहिले आहे कोण जाणे’ असे म्हणून ही बासने रद्दीत गेली. ज्या घरांनी ती राखली, त्यांना पुढे कधी मोडीचा जाणकार भेटला आणि चार पिढ्यांचा मुका झालेला माणूस बोलता झाला.

आता त्या पेटीशेजारी दुसरी एक पेटी येऊन बसली आहे. तिच्यात लग्नामुंजींच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत, जुन्या मोबाइलमधली नखाएवढी मेमरी कार्डे आहेत, भाच्याने परदेशाहून आणलेला पेनड्राइव्ह आहे. सणावारी चार माणसे जमली असता यांपैकी एखादी चित्रफीत घरच्या संगणकावर लावावी म्हणावे, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटते की ही फाईल चालू शकत नाही. कधी नुसताच काळा पडदा. कधी आवाज येतो पण चित्र नाही. कधी चित्र हलते पण माणसे मुकी. अशा वेळी घरात एकच निदान होते, ‘खराब झाली’. आणि एकच उपचार, ‘काढून टाका’. आमचे आजचे सारे प्रतिपादन या निदानाविरुद्ध आहे. न चालणारी चित्रफीत पुष्कळदा नष्ट झालेली नसते. ती आपल्या संगणकाला वाचता येत नसते, इतकेच. न वाचता येणे आणि नष्ट होणे यांतील भेद ज्याला उमगला, त्याचे निम्मे काम झाले.

हा तांत्रिक विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. पुण्या-मुंबईच्या मराठीला ग्रंथ आहेत, नाटके आहेत, नभोवाणी आणि दूरदर्शन आहे. परंतु माळव्यात, गुजरातेत, निजामाच्या जुन्या मुलुखात किंवा कर्नाटकाच्या सीमेवर आपल्या घराघरांतून जी मराठी बोलली गेली, ती छापील पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. ‘सून स्वयंपाक करून राहिली आहे’ असे सहज म्हणून जाणारी इंदूरची आजी, तिचा हेल, घाणा भरताना तिने म्हटलेली ओवी, विहिणींच्या पंगतीत घेतलेला तिचा उखाणा, हे सारे कोठे टिपले गेले असेल तर ते या लग्नाच्या चित्रफितींत. छायाचित्रकाराला तर नवरा-नवरीच टिपायची होती. आजी ओघाने आली. तो ओघाने आलेला अर्धा मिनिट आज घरातील सर्वांत मोलाचा ऐवज असू शकतो.

तेव्हा प्रथम चित्रफितीची फाईल म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण जिला एक वस्तू समजतो, त्या वस्तुतः दोन आहेत: एक पेटी, आणि दुसरी त्या पेटीतील मजकुराची लिपी. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी अक्षरे जोडलेली असतात, ती बहुधा पेटीचेच नाव सांगतात. ॲपल कंपनीने १९९१ साली क्विकटाइमची पेटी आणली. तिची अक्षरे ‘एमओव्ही’. मायक्रोसॉफ्टची ‘एव्हीआय’ ही १९९२ची. आज सर्वत्र दिसणारी ‘एमपी४’ ही क्विकटाइमच्याच घडणीवर बेतलेली, पुढे आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली पेटी. ‘एमकेव्ही’ या पेटीचे मूळ नाव मात्रोस्का. एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या रशियन लाकडी बाहुल्यांवरून ते घेतले आहे. नाव समर्पकच म्हणावयाचे, कारण अशा पेटीत चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके असे निरनिराळे जिन्नस शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

पेटीतील चित्र ज्या रीतीने आटोपशीर करून लिहिलेले असते ती रीत म्हणजे त्याची लिपी. तंत्रज्ञ तिला कोडेक म्हणतात. ही लिपी का लागते ते एका साध्या गणितावरून ध्यानात येईल. आजच्या सर्वसामान्य स्वच्छ चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगास ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाचे सुमारे १५५ मेगाबाइट होतात आणि एका मिनिटाचे ९ गिगाबाइटहून अधिक. मंगलाष्टके संपण्यापूर्वीच संगणक भरून जावयाचा! म्हणून लिपी युक्ती करते. अंतरपाट जागचा हलत नाही, मागची भिंत हलत नाही. मग ती प्रत्येक चित्रात नव्याने कशाला लिहावयाची? जे बदलले तेवढेच लिहावे, बाकीचे ‘वरीलप्रमाणे’. जमाखर्चाच्या वहीत आपले पूर्वज हेच करीत.

अशा लिप्या काळानुसार बदलत गेल्या. व्हीसीडीची लिपी एमपेग-१, डीव्हीडीची एमपेग-२. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एव्हीआय पेटीत डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या लिप्या प्रचारात होत्या. २००३ साली एच.२६४ आली आणि ती इतकी रुळली की आज तिला चित्रफितींची बाळबोध म्हणावयास हरकत नाही: जवळपास प्रत्येक संगणक, मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच ती वाचतो. २०१३ साली तिची धाकटी बहीण एच.२६५ आली, तिलाच एचईव्हीसी म्हणतात. तेवढेच चांगले चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसविण्याचे तिचे उद्दिष्ट. मोडी जशी झरझर लिहिण्याच्या सोयीसाठी रूढ झाली, तशी ही जागा वाचविण्यासाठी. पण मोडीप्रमाणेच हिचेही आहे; लिहिणाऱ्याची सोय झाली, वाचणाऱ्याला ती शिकलेली असावी लागते.

आता एक नित्याचे कोडे सुटेल. दोन्ही फायली एमपी४च्या, मग एक चालते आणि दुसरी का नाही? पेटी सारखी आहे, लिपी निराळी आहे. आणि कित्येक उत्साही तरुण फाईलच्या नावातील ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहितात, त्याने प्रश्न का सुटत नाही, हेही कळेल. पेटीवरची चिठ्ठी बदलल्याने आतील मोडीचे बाळबोध होत नसते.

निदानाला आरंभ करण्यापूर्वी एक पथ्य. मूळ फाईलला हात लावू नये. तिची एक प्रत संगणकावर करून घ्यावी आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डावरून थेट लावलेली चित्रफीत अडखळते, याचे कारण कधी कधी तो पेनड्राइव्हच मंद असतो. प्रत केली की दुखणे तेथेच संपते.

त्यानंतर फाईलचे आकारमान पाहावे. फाईलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ते दिसते. तेथे शून्य बाइट असे असेल, तर तुमच्या हाती रिकामी पेटी आली आहे. मूळ ठिकाणी जाऊन पुन्हा शोध घ्यावयास हवा. तीन तासांच्या लग्नाची फाईल जर काही शे किलोबाइटचीच असेल, तर ती चित्रफीत नव्हेच. संकलन करणारे पुष्कळदा आपल्या संकलनाची टिपणवही देऊन टाकतात. कोणता तुकडा कोठून घेतला, कोठे गाणे घातले, एवढेच तिच्यात असते; प्रत्यक्ष चित्र त्यांच्या संगणकावरच राहिलेले असते. लग्नानंतर दहा वर्षांनी हे ध्यानात आले तर उपाय उरत नाही. म्हणून छायाचित्रकाराकडून माल घेतानाच तो घरच्या संगणकावर लावून पाहावा. सराफाकडून दागिना घेताना आपण वजन पाहतोच की नाही?

आकारमान ठीक असेल, तर दुसरे चालक वापरून पाहावे. विंडोजबरोबर येणाऱ्या चालकाला मोजक्याच लिप्या येतात. व्हीएलसी नावाचा चालक मात्र या बाबतीत बहुश्रुत आहे. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे त्याचे चिन्ह अनेकांनी पाहिले असेल. फ्रान्समधील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या कामातून तो निर्माण झाला, आणि २००१पासून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की बहुतेक लिप्यांचे ज्ञान तो स्वतःबरोबरच बाळगतो. विंडोजकडे उसने मागत नाही. फाईलवर उजवी कळ दाबून ‘ओपन विथ’ निवडावे आणि व्हीएलसीत ती उघडावी. आमच्याकडे या प्रश्नासाठी येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचे काम एवढ्यावरच भागते. चित्रफीत चालू असता ‘टूल्स’मधील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडल्यास चित्राची आणि ध्वनीची लिपी कोणती, तेही लिहिलेले सापडते.

सध्या सर्वाधिक आढळणारा प्रकार आयफोनचा. २०१७ साली आलेल्या अकराव्या आयओएसपासून ॲपलचे नवे फोन चित्रण सामान्यतः एचईव्हीसी लिपीत करतात. भाचा तारेने जोडून किंवा पेनड्राइव्हवर ती चित्रफीत देतो, आणि घरच्या संगणकावर आवाज ऐकू येतो पण पडदा काळाच राहतो. या लिपीवर पेटंटचे हक्क आहेत. म्हणून विंडोज ती प्रत्येक संगणकावर फुकट देत नाही. काही संगणकांत निर्मात्याने ती घातलेली असते. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ ही जोड अल्प मोल देऊन घ्यावी लागते. व्हीएलसी असेल तर तीही घ्यावयास नको. याहून उत्तम मार्ग म्हणजे रोग उगमापाशीच थांबविणे. आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’ आणि त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला, की पुढील चित्रण बाळबोध एच.२६४मध्ये होऊ लागते. घरात कार्य असेल तेव्हा आदल्या दिवशी भाच्याला तेवढे सांगून ठेवावे.

चित्र चालते, पण धक्के खात चालते, किंवा हिरवे-जांभळे पट्टे उमटतात. हा निराळा प्रकार. येथे संगणकाला लिपी येते, पण वाचण्याचा वेग पुरत नाही. एचईव्हीसी वाचण्याची खास यंत्रणा इंटेलने २०१५ साली आलेल्या सहाव्या पिढीपासून आपल्या प्रोसेसरमध्ये पूर्णपणे घातली. त्याआधीच्या संगणकाला तेच काम सामान्य बुद्धीने करावे लागते आणि मोठ्या चित्रापुढे तो दमतो. पट्टे उमटत असतील, तर व्हीएलसीच्या ‘टूल्स’मध्ये ‘प्रेफरन्सेस’, त्यात ‘इनपुट / कोडेक्स’ येथे जाऊन ‘हार्डवेअर-ॲक्सेलरेटेड डिकोडिंग’ बंद करून पाहावे. चित्र नुसतेच अडखळत असेल, तर पुढे सांगितल्याप्रमाणे लिप्यंतर करून घ्यावे. केवळ एवढ्यासाठी नवा संगणक विकत घेण्याचे कारण नाही.

चित्र आहे पण माणसे मुकी, हा अनुभव जुन्या साध्या मोबाइलच्या ‘३जीपी’ फायलींत येतो. त्यांतील ध्वनी बहुधा एएमआर नावाच्या लिपीत असतो. ती दूरध्वनीवरील बोलण्यासाठी घडविलेली लिपी. म्हणूनच तीत टिपलेले मंगळागौरीचे गाणे डब्यातून आल्यासारखे वाटते. अनेक चालकांना ती येत नाही, व्हीएलसीला येते. बाळाच्या बारशाचा पाळणा मुका निघाला म्हणून त्याला काढून टाकण्याआधी ही खात्री अवश्य करून घ्यावी.

आता व्हीसीडी. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची कित्येक वर्षे लग्ने याच तबकड्यांवर उतरली. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावे. म्हणून सीमांतपूजन एका तबकडीवर आणि सूनमुख तिसरीवर, अशी विभागणी झालेली असते. संगणकाने तबकडी वाचली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या कप्प्यात ‘डीएटी’ अक्षरांची फाईल सापडते. संगणक तिला ओळखत नाही आणि कोणत्या साधनाने उघडू असे विचारतो. तेव्हा व्हीएलसी दाखवावा. मात्र व्हीसीडीत एक अंगभूत उणीव आहे. जास्त चित्रण मावावे म्हणून तिच्या रचनेत चुका दुरुस्त करण्यासाठीची जागा साध्या डेटा-सीडीपेक्षा कमी ठेवली आहे. परिणामी तबकडी चालकावर थोडी अडखळत का होईना चालते, पण प्रत करू गेले की संगणक एका ओरखड्यापाशी थांबतो आणि सारेच काम सोडून देतो. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करावा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्याला वाचता येते, असे अनेकदा घडते. तबकडी पुसावयाची तर मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये, कारण गोलाकार ओरखडा एकाच ओळीतला पुष्कळ मजकूर खातो.

डीव्हीडीची गोष्ट थोडी निराळी. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, मायक्रोसॉफ्टने आपल्या चालकातून डीव्हीडी लावण्याची सोयच काढून घेतली. जुन्या संगणकावर चालणारी तबकडी नव्यावर चालत नाही, याचे कारण तबकडीत नसते. तीवरील ‘व्हिडिओ टीएस’ या कप्प्यात ‘व्हीओबी’ अक्षरांच्या मोठ्या फायली असतात. प्रत्येकीला एक गिगाबाइटची मर्यादा असल्याने एकच सोहळा चार-पाच तुकड्यांत असतो. सगळा कप्पा जसाच्या तसा उतरवून घ्यावा. त्यातील ‘आयएफओ’ फायली म्हणजे अनुक्रमणिका, त्या वगळू नयेत. ज्या छोट्या कॅमेऱ्यांत लहान डीव्हीडी घालून घरीच चित्रण होत असे, त्यांच्या तबकड्या ‘फायनलाइझ’ करावयाच्या राहून गेल्या असतील तर संगणकाला त्या कोऱ्या भासतात. तो कॅमेरा घरात कोठे पडून असेल, तर तो शोधावा. त्याच्याच यादीत ती आज्ञा असते. नव्या लॅपटॉपला तबकडीची खाच नसते हे खरे, पण यूएसबीला जोडावयाचा स्वतंत्र ड्राइव्ह मिळतो. तो चार कुटुंबांनी मिळून घेतला तरी पुरे.

एवढे करूनही न चालणारी फाईल खरोखर दुखावलेली असू शकते. त्यातही सर्व जखमा प्राणघातक नसतात. एमपी४ पेटीत कोणते चित्र कोठे ठेवले आहे याची एक सूची असते, आणि कॅमेरा ती सामान्यतः चित्रण थांबविल्यावर अखेरीस लिहितो. ऐन वेळी बॅटरी संपली किंवा कोणी कार्ड उपसून काढले, तर सूची लिहिलीच जात नाही. पोथीची सारी पाने आहेत, पण पृष्ठांक नाहीत आणि दोरा सुटला आहे. अशी ती अवस्था. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने तशाच मांडणीत घेतलेली दुसरी धड चित्रफीत नमुना म्हणून देऊन सूची पुन्हा रचणारी साधने आहेत. ‘अनट्रंक’ हे त्यांपैकी एक विनामूल्य साधन होय. एव्हीआय फाईलची सूची बिघडली असेल, तर व्हीएलसी स्वतःच ती रचू का, असे विचारतो. त्याला होकार द्यावा. आणि ज्या कार्डावरून चित्रण चुकून पुसले गेले, त्यावर पुढे काहीही नवे लिहू नये. पुसलेले चित्र तेथे काही काळ तसेच असते. नव्या चित्रणाने मात्र ते कायमचे झाकले जाते.

आणखी एक फसवे दुखणे मोठ्या फायलींचे. पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्या आखणीत एका फाईलला ४ गिगाबाइटची कमाल मर्यादा आहे. पेनड्राइव्ह ६४ गिगाबाइटचा आणि रिकामा, तरी फाईल मावत नाही म्हणून संगणक तक्रार करतो. पेनड्राइव्हवरील मजकूर आधी अन्यत्र काढून ठेवावा आणि तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने नव्याने आखावा. फाईल सुखाने मावते.

येथे एक इशारा दिल्याविना पुढे जाता येत नाही. चित्रफीत चालेना की घरातील मुले इंटरनेटवर ‘कोडेक’ शोधू लागतात. चोरांना हे चांगले ठाऊक आहे. २००५च्या सुमारास ‘झ्लॉब’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला, तो नेमका ‘चित्रफीत पाहण्यासाठी आवश्यक कोडेक’ असे सोंग घेऊनच. हे सोंग अजूनही जुने झालेले नाही. अनोळखी ठिकाणाहून कोडेकांचे गाठोडे उतरवू नये. व्हीएलसी घ्यावयाचा तर तो व्हिडिओलॅन या मूळ संस्थेच्याच स्थळावरून घ्यावा. २०२२ साली ते स्थळ भारतात काही महिने अडविले गेले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती अडवणूक उठली. तसेच, जिच्या नावाच्या अगदी अखेरीस ‘ईएक्सई’ अक्षरे आहेत ती चित्रफीत नव्हे, प्रोग्राम होय. ती उघडू नये. विंडोज ही अखेरची अक्षरे आपण होऊन झाकून ठेवतो. ‘व्ह्यू’ यादीतून ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखविण्याची आज्ञा एकदा देऊन ठेवावी.

चित्रफीत एकदा चालली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. आज जी लिपी तुमच्या संगणकाला येते, ती आणखी वीस वर्षांनी कोणाला येईलच असे नाही. म्हणून आज वाचता येते आहे तोवरच बाळबोधात उतरवून ठेवणे शहाणपणाचे. ‘हँडब्रेक’ नावाचे विनामूल्य साधन हे लिप्यंतर करते. एमपी४ची पेटी, चित्रासाठी एच.२६४ आणि ध्वनीसाठी एएसी, एवढी निवड केली की ती फाईल आज बहुतेक ठिकाणी चालते. प्रत्येक लिप्यंतरात चित्राचा थोडा तजेला जातो. तेव्हा ते मूळ फाईलवरून एकदाच करावे, प्रतीची प्रत करीत बसू नये. आणि मूळ फाईल कदापि टाकून देऊ नये. मोडी कागदाचे लिप्यंतर झाले म्हणून शहाणा माणूस मूळ कागद चुलीत घालीत नाही. व्हॉट्सॲपवरून चित्रफीत नेहमीच्या रीतीने धाडली तर तीही आटविली जाते. जपून ठेवण्याजोगी चित्रफीत धाडावयाची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावी.

तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत घराबाहेर, सासरी गेलेल्या मुलीकडे किंवा परगावच्या भावाकडे असावी. पेनड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे. त्याला कोठार समजू नये. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, प्रत्येक प्रत उघडून पाहावी.

शेवटी जे काम कोणताही प्रोग्राम करू शकत नाही, त्याकडे वळू. फाईलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले आकडे एवढेच राहिले, तर ती उघडूनही अर्धी बंदच राहते. मांडवातल्या जरीच्या लुगड्यातील त्या बाई कोण, टोपी घातलेले ते गृहस्थ कोणत्या नात्याने आले होते, ही ओवी कोणाच्या माहेरची, हे सांगणारी माणसे प्रत्येक घरात आता एक-दोनच उरली आहेत. एखाद्या रविवारी दुपारी त्यांना संगणकासमोर बसवावे, चित्रफीत थांबवत थांबवत दाखवावी, आणि सांगतील ती नावे, नाती, गाव आणि वर्ष वहीत देवनागरीत उतरवून घ्यावे. त्यातूनच फाईलला नाव द्यावे: कोणाचे लग्न, कोठे, कोणत्या साली. यंत्राच्या लिपीसाठी उद्याही कोणी जाणकार मिळेल. चेहऱ्यांची लिपी वाचणारा जाणकार मात्र आपल्याच ओसरीवर बसलेला आहे, आणि त्याला विचारावयाचे ते याच वर्षी विचारून घ्यावे.